बोटभर जागा

आधी पुठ्ठ्याचं इंजिन केलं.
फ्रिजच्या खोक्यातून कापून, चिकटपट्टीनं जोडून,
लांबी-रुंदी बरोब्बर, वजन शून्य.
ते स्टारलेटच्या नाकात ठेवून बघितलं
तर पुढचा जाळीचा पत्रा लावायलाच जागा उरेना.
शाजी चहाचा कप घेऊन उभा. म्हणाला,
मोरीत हत्ती बांधतोयस, बालासू.

माझं नाव बाळासो. इथं सलमाबादेत
ते कुणाच्या तोंडात बसत नाही.
कुपवाडला एमआयडीसीत मी उसाच्या ट्रॉल्या जोडायचो.
ट्रॉलीला कसं, वजन भरपूर आणि घाई अजिबात नाही.
हे काम बरोबर उलटं.

गाडी ब्याऐंशीची. याकूबच्या आईची.
सित्र्याच्या धक्क्यावरून मासळी आणायची ती हिच्यातून.
डिकीचा गालिचा उचलला तेव्हा
गंजात चिकटलेली दोन खवली निघाली,
नखाएवढी, अजून चमकणारी.
आणि इंजिन सहा सिलिंडरचं, एका ओळीत,
बाजूला टर्बो, लहान कलिंगडाएवढा.

मग कापाकापी.
ड्रायव्हर आणि इंजिनाच्या मधला पत्रा कापला,
इंजिन वीतभर मागं सरकलं,
म्हणून ड्रायव्हर वीतभर मागं सरकला,
म्हणून मागची सीट गेली.
रेडिएटर पुढं मावेना, तो डिकीत नेला, मासळीच्या जागी.
गिअरबॉक्सवरचा उंचवटा एवढा रुंद झाला
की शेजारची सीटही काढावी लागली.
कापायला एक दुपार.
जोडायला रमजानच्या आधीपासून ते पार
उन्हानं पाने हातात धरवेनात तोपर्यंत.

बायको फोनवर विचारायची, कुठं जाती ही गाडी?
कुठं नाही. सरळ जाती. पाव मैल.
आणि मग?
मग थांबती.
बराच वेळ ती काही बोलली नाही.
मग म्हणाली, जेवलासा का?

एकदा उम्म याकूब स्वतः आली.
काळ्या अबायाला ग्राइंडरची ठिणगी लागू नये म्हणून
मी मशीन बंद केलं.
तिनं डॅशबोर्डवरून हात फिरवला,
तेवढाच आम्ही जुना ठेवला होता,
मग उजवीकडच्या मोकळ्या पत्र्याकडं बघून
मुलाला काहीतरी विचारलं.
याकूब लाजला. मला नंतर कळलं :
मी कुठं बसू?
जाताना खजुराचा डबा ठेवून गेली.

माउंटचं शेवटचं टाकं मी रात्री मारलं.
आमचे मिस्त्री सांगायचे,
गार असताना बोट जाईल एवढी फट सोड,
तापलं की लोखंड अंग पसरतंच.
इथं वर टर्बोचा झटका. इंजिन आडवं उसळी घेणार.
मी तर्जनी घालून बघितली. गेली.
शाजीचं बोट माझ्यापेक्षा जाड. त्याचंही गेलं.

सखीरची पट्टी, गुरुवारची रात्र,
दिव्यांच्या पलीकडं नुसतं वाळवंट.
टायर जाळून पांढरा धूर केला तिनं,
मग पिवळा, पिवळा, पिवळा,
हिरवा मला दिसलाच नाही,
मी डोळे मिटून एकच आवाज ऐकत होतो,
जो यायला नको होता.
आला नाही.
उघडले तेव्हा गाडी एक तांबडा ठिपका झालेली
आणि फलकावर नऊ पूर्णांक काहीतरी.
चार महिने, नऊ सेकंद.
शाजीनं माझ्या पाठीत गुद्दा घातला.

परत आली, टकटक करत गार होत उभी राहिली.
याकूबचा फोन वाजला. आई.
तिचा आवाज बाहेरपर्यंत येत होता : वसल्त?
हा शब्द मला येतो. गिऱ्हाईक रोज विचारतात,
सामान पोचलं का म्हणून.
वसल्त, याकूब म्हणाला.
प्रश्न तोच, उत्तरही तोच शब्द.
कुठं पोचलो ते त्यानं सांगितलं नाही.

तोवर मी बॉनेट उघडलं
आणि त्या फटीत बोट घातलं.
अडलं. भाजलं.
पण गेलं.